सोपे शब्दच जास्त फसवतात

प्रिय ताई,

माझ्या आईच्या पित्ताशयात खडे आहेत. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन आहे. घरात मी शिकलेली, म्हणून डॉक्टरांशी बोलायला सगळे मलाच पुढे करतात. डॉक्टर चांगले आहेत, पण भरभर बोलतात. ते म्हणाले, “क्रॉनिक कोलेसिस्टायटिस आहे. इलेक्टिव्ह लॅप कोली करू, जीएखाली. गरज पडली तर ओपनला कन्व्हर्ट करू. स्पेसिमेन बायोप्सीला जाईल.” मी मान डोलावली आणि घरी येऊन सांगितलं, की आजार हाताबाहेर गेलाय, ऑपरेशन ऐच्छिक आहे आणि कॅन्सरची तपासणी करणार आहेत. आई रात्रभर रडली. बाबा म्हणतात, ऐच्छिक असेल तर कशाला करायचं? डॉक्टरांना पुन्हा विचारायची लाज वाटते. वैद्यकीय शब्दकोश आणून पाठ करायला बसले आहे, पण पहिलं अक्षरच संपत नाही. आईचं पूर्वी एक ‘पिशवीचं’ ऑपरेशन झालंय, तेही डॉक्टरांना नीट सांगता आलं नाही. काय करू?

– गोंधळलेली लेक

प्रिय लेकी,

शब्दकोश मिटून ठेव आणि आधी आईजवळ जाऊन बस. तू तिला सांगितलेल्या तीनही गोष्टी चुकीच्या आहेत आणि खरं ते तू सांगितलंस त्यापेक्षा पुष्कळ हलकं आहे. हे पत्र नंतर सावकाश वाचलंस तरी चालेल.

‘क्रॉनिक’ म्हणजे हाताबाहेर गेलेलं नव्हे. हा शब्द ग्रीक ‘क्रोनोस’वरून आला, आणि क्रोनोस म्हणजे काळ. जे बरेच दिवस चालू आहे ते क्रॉनिक, एवढंच. आजार किती गंभीर आहे हे त्या शब्दात नसतंच. त्याच्या उलट ‘अक्यूट’, म्हणजे अचानक उठलेलं. धावपळ होते ती बहुधा अक्यूटच्या वेळी. आईचं दुखणं क्रॉनिक आहे म्हणूनच डॉक्टरांना पुढच्या आठवड्याची तारीख देता आली. मराठीत आपण त्याला ‘जुनाट’ म्हणतो आणि जुनाट म्हटलं की कीड लागलेलं, टाकून द्यायचं असं काहीतरी मनात येतं. तू ‘बऱ्याच दिवसांचं’ म्हण.

‘इलेक्टिव्ह’चा कोशातला अर्थ ऐच्छिक असाच आहे, त्यामुळे बाबांचा गोंधळ मला समजतो. पण ऑपरेशनच्या बाबतीत इलेक्टिव्ह म्हणजे तारीख ठरवून, तयारीने करायचं. त्याच्या समोरचा शब्द ‘इमर्जन्सी’, म्हणजे आत्ताच्या आत्ता. ऑपरेशन गरजेचं आहे की नाही, याच्याशी या शब्दाचा संबंध नाही. गाठीची ऑपरेशनंसुद्धा बहुतेक वेळा इलेक्टिव्हच असतात, आणि ती टाळण्यासारखी नसतात. बाबांना सांग, आपल्याला निवडायला मिळाली आहे ती वेळ. दुखणं उसळून रात्री-अपरात्री धावाधाव करावी लागण्यापेक्षा असं ठरवून झालेलं कितीतरी बरं.

आणि बायोप्सी. ‘बायोस’ म्हणजे जीवन, ‘ऑप्सिस’ म्हणजे पाहणं. शरीरातला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं याला बायोप्सी म्हणतात. कॅन्सर ओळखायला ती करतात हे खरं, पण म्हणून ज्याची-ज्याची बायोप्सी त्याला-त्याला कॅन्सरचा संशय, असं नाही. काढलेलं पित्ताशय प्रयोगशाळेत पाठवणं हा नेहमीचा शिरस्ता आहे. ‘स्पेसिमेन’ म्हणजे काढलेला तोच भाग. डॉक्टरांना वेगळी शंका असती तर ते एवढ्या सहज, बाकीच्या कामांच्या ओघात बोलून गेले नसते. तरी एकदा सरळ विचार, “हे नेहमीचं आहे, की तुम्हाला काही वेगळं वाटतंय?”

आता तुझ्या खऱ्या प्रश्नाकडे येते. मी बरीच वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर होते आणि दाराबाहेर थांबलेल्या नातेवाइकांशी बोलणं हे माझ्या कामाचं मोठं अंग होतं. तिथे एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. लांबलचक, जीभ अडखळवणारे शब्द माणसांना क्वचितच फसवतात. ते कळत नाहीत हे ज्याचं त्याला कळतं, म्हणून तो विचारतो. घात करतात ते ओळखीचे वाटणारे छोटे शब्द. ते कळले असं वाटतं, म्हणून कोणी विचारतच नाही. तुझ्याच पत्रात बघ. ‘कोलेसिस्टायटिस’मुळे घरात काहीच बिघडलं नाही. बिघडलं ते ‘क्रॉनिक’, ‘इलेक्टिव्ह’ आणि ‘बायोप्सी’मुळे.

लांब शब्द तर मुळात प्रामाणिक असतात. गाडीला डबे जोडावेत तसे ते जोडलेले असतात. डबे सुटे केले की प्रत्येकात काय आहे ते स्वच्छ दिसतं. ‘कोले’ म्हणजे पित्त, ‘सिस्ट’ म्हणजे पिशवी, ‘आयटिस’ म्हणजे दाह. झालं, पित्ताच्या पिशवीचा दाह. शेवटचा डबा सगळ्यात महत्त्वाचा, कारण काय करणार आहेत ते त्यात असतं. ‘एक्टमी’ असेल तर तो भाग काढून टाकणार. तुझ्या डॉक्टरांचं ‘कोली’ हे ‘कोलेसिस्टेक्टमी’चं लाडकं रूप आहे, म्हणजे पित्ताची पिशवी काढणं. ‘टॉमी’ म्हणजे छेद देऊन उघडणं, त्यात काही काढतीलच असं नाही. लॅपरॉटमी म्हणजे पोट उघडणं. ‘ऑस्टमी’ म्हणजे शरीरातून बाहेर वाट करून देणं. ‘स्टोमा’ हा तोंडाला ग्रीक शब्द आहे. कोलोस्टमीत मोठ्या आतड्याला पोटावर तोंड करून देतात, ट्रॅकिऑस्टमीत श्वासनलिकेला गळ्यावर. टॉमी आणि ऑस्टमी कानाला सारखेच लागतात, पण रुग्णाच्या पुढच्या दिवसांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. एकात छेद शिवून मिटवतात, दुसऱ्यात तो मुद्दाम उघडा ठेवतात.

याच ‘टॉम’ची भावंडं तू शाळेत भेटली आहेस. ‘अॅटम’ म्हणजे जो कापता येत नाही तो. सीटी स्कॅनमधला ‘टी’ म्हणजे टोमोग्राफी, शरीराचे जणू पातळ काप करून काढलेलं चित्र. कापाकापी फक्त चित्रातली, अंगाला धक्का लागत नाही.

‘ग्राफी’ म्हणजे चित्र काढणं आणि ‘प्लास्टी’ म्हणजे आकार देणं, दुरुस्त करणं. हे दोन डबे ओळखता आले असते तर मी पाहिलेले कितीतरी घरगुती वाद झाले नसते. अँजिओग्राफीत हृदयाच्या रक्तवाहिन्यांचं चित्र काढतात, ती तपासणी आहे. अँजिओप्लास्टीत अरुंद झालेली रक्तवाहिनी फुग्याने रुंद करतात, तो उपचार आहे. “त्यांची अँजिओ झाली” एवढंच कोणी सांगितलं तर दोन्हींपैकी काय झालं ते कळायला मार्ग नाही. मग एक नातेवाईक म्हणतो नुसती तपासणी झाली, दुसरा म्हणतो स्टेंट बसला, आणि पुढच्या वेळी डॉक्टर विचारतात तेव्हा सगळे एकमेकांकडे बघतात.

हे डबे परके वाटत असतील तर एक सांगते, आपल्याकडे ही विभागणी फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत शस्त्रकर्माचे आठ प्रकार दिले आहेत. छेदन, भेदन, लेखन, वेधन, एषण, आहरण, विस्रावण आणि सीवन. छेदन म्हणजे कापून वेगळं करणं, ती आजची एक्टमी. भेदन म्हणजे चिरून उघडणं, ती टॉमी. वेधन म्हणजे टोचणं. पोटात किंवा छातीत साठलेलं पाणी सुईने काढतात त्याला आज ‘सेंटेसिस’ म्हणतात. एषण म्हणजे सळई घालून वाट शोधणं, आहरण म्हणजे बाहेर ओढून काढणं, विस्रावण म्हणजे साचलेलं वाहू देणं. ऑपरेशननंतर कधी नळी ठेवतात, तिला आपण ‘ड्रेन’ म्हणतो, तिचं काम विस्रावणाचंच. सीवन म्हणजे शिवणं, आणि ग्रीक ‘राफी’चाही अर्थ तोच. यातलं ‘लेखन’ मला विशेष आवडतं. लेखन म्हणजे खरवडणं. संस्कृतातल्या ‘लिख्’ धातूचा मूळ अर्थ ओरखडणं हाच आहे. आपण लिहितो तेही कधीकाळी कशावर तरी ओरखडूनच लिहीत होते.

‘शस्त्रक्रिया’ या शब्दाचीच आईला भीती वाटत असेल, तर तिला ‘शल्य’ची गोष्ट सांग. शल्य म्हणजे आत रुतून सलणारी वस्तू, काटा किंवा बाणाचं टोक. ती काढण्याची विद्या ते शल्यतंत्र. “मनात एक शल्य राहून गेलं” असं आपण आजही म्हणतो. आईच्या पोटात खडे सलताहेत आणि ते काढायचे आहेत. ‘सर्जरी’ या शब्दात तर शस्त्रही नाही. ग्रीक ‘केर’ म्हणजे हात आणि ‘एर्गॉन’ म्हणजे काम, त्यांचा तो जोडशब्द, म्हणजे हातांनी केलेलं काम.

लांब शब्दांचं एवढं पुरे. आता फसव्या, छोट्या शब्दांकडे वळते, आणि त्यात पहिला नंबर आपल्या मराठी ‘पित्ता’चा आहे. जळजळ झाली की आपण म्हणतो पित्त झालं. अंगावर गांध्या उठल्या की पित्त उठलं. आणि यकृतात तयार होणारा हिरवट-पिवळा रस, तेही पित्त. ही तीन वेगवेगळी प्रकरणं आहेत. जळजळ बहुधा जठरातल्या आम्लामुळे होते. गांध्या बहुतेकदा अॅलर्जीच्या असतात. पित्ताशयाचा संबंध फक्त तिसऱ्याशी. आईला हे आधीच सांगून ठेव, नाहीतर ऑपरेशननंतर एखाद्या दिवशी जळजळ झाली की ती म्हणेल, पित्त काढलं म्हणाले होते, मग हे कुठून आलं? पिशवी काढली तरी यकृत पित्त बनवतच राहतं. फक्त ते साठून न राहता थेट आतड्यात उतरतं.

‘खडे’ हाही तसाच शब्द. मुतखड्याचा लहान खडा पाण्यासोबत लघवीवाटे निघून जाऊ शकतो. ते ऐकून पित्ताशयाच्या खड्यांसाठीही लोक तांबेच्या तांबे पाणी पितात. पित्ताशयाचा आणि लघवीच्या मार्गाचा काही संबंध नाही. नाव एक, जागा दोन.

डॉक्टरांच्या तोंडच्या साध्या शब्दांपैकी काही तर मला त्या दारावर लिहून ठेवावेसे वाटायचे. ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे चांगलं नव्हे. जे शोधत होतो ते सापडलं, असा त्याचा अर्थ. म्हणून रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ आला तर बहुतेक वेळा हायसं वाटायला हवं. ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’ उपचार म्हणजे जुन्या वळणाचे नव्हेत. ऑपरेशन न करता औषधं, विश्रांती, व्यायाम यांवर भागवणं म्हणजे कॉन्झर्व्हेटिव्ह. ‘स्टेबल’ म्हणजे बरं वाटतंय असं नाही. अवस्था या क्षणी खाली-वर होत नाही, इतकंच. माणूस अतिशय आजारी असून स्टेबल असू शकतो. ‘डिस्चार्ज’ला तर दोन अर्थ आहेत. “उद्या डिस्चार्ज” म्हणजे घरी जायचं, आणि “डिस्चार्ज आहे का?” म्हणजे जखमेतून काही पाझरतंय का. एका आजोबांनी या दुसऱ्या प्रश्नाला आनंदाने “हो हो, उद्याच!” असं उत्तर दिलं होतं. पट्टी उघडून पाहिली म्हणून पू दिसला.

‘शॉक’ म्हणजे मनाला बसलेला धक्का नव्हे. रक्तदाब इतका घसरतो की अवयवांना पुरेसं रक्त पोचत नाही, त्या अवस्थेला डॉक्टर शॉक म्हणतात, आणि ती घाईची वेळ असते. आणि ‘हार्ट फेल्युअर’. आपण “हार्ट फेल होऊन गेले” असं म्हणतो, त्यामुळे हा शब्द ऐकला की घरात रडारड सुरू होते. त्याचा अर्थ हृदय बंद पडलं असा नाही. शरीराला लागतं तेवढं रक्त पुढे ढकलायला हृदय कमी पडतंय, असा आहे. आजार गंभीरच आहे, पण औषधं घेऊन अनेक जण त्याच्यासोबत वर्षानुवर्षं जगतात.

‘ट्यूमर’ हा मुळात लॅटिनमध्ये सूज या अर्थाचा शब्द. पहिल्या शतकातल्या सेल्सस या रोमन लेखकाने दाहाची चार लक्षणं लिहून ठेवली आहेत, लाली, सूज, उष्णता आणि वेदना. त्यातल्या सुजेसाठी त्याने वापरलेला शब्द ‘ट्यूमर’ आहे. आज तो गाठीसाठी वापरतात, पण गाठ म्हणजे कॅन्सर नव्हे. ‘बिनाइन’ म्हटलं तर ती कॅन्सरची नाही, ‘मॅलिग्नंट’ म्हटलं तर आहे. हे दोन शब्द मात्र कानात तेल घालून ऐकावेत.

औषधाच्या माहितीपत्रकातला ‘कॉमन’ दुष्परिणाम वाचून घाबरणारे पुष्कळ भेटतात. युरोपातल्या पत्रकांत हा शब्द ठरवून वापरतात. शंभरातल्या एक ते दहा जणांना होतो तो ‘कॉमन’. म्हणजे नव्वद किंवा त्याहून जास्त जणांना तो होत नाही. डॉक्टर तोंडी ‘क्वचित’ किंवा ‘कधीकधी’ म्हणाले, तर “शंभरात साधारण किती जणांना?” असं विचारायला संकोचू नकोस.

आता आईच्या ऑपरेशनातले राहिलेले शब्द. ‘लॅप’ म्हणजे लॅपरोस्कोपी. ‘स्कोपी’ म्हणजे पाहणं. पोटावर सहसा चार लहान छेद देतात, कार्बन डायऑक्साइड वायूने पोट फुगवून आत जागा करतात, एका छेदातून कॅमेरा घालतात आणि बाकीच्यांतून हत्यारं. आपण याला ‘दुर्बिणीतून’ म्हणतो. दुर्बीण म्हणजे दूरचं पाहणारी, आणि इथे तर कॅमेरा अवयवापासून काही बोटांवर असतो! पण शब्द रुळला आहे आणि कोणाला फसवत नाही, तेव्हा तो राहू दे. ‘बिनटाक्याचं’ हा शब्द मात्र वापरू नकोस. छेद लहान असले तरी टाके असू शकतात, आणि “बिनटाक्याचं म्हणाले आणि हे काय!” असं म्हणत हबकलेल्या बायका मी पाहिल्या आहेत.

पित्ताशय काढण्याचं पहिलं ऑपरेशन कार्ल लांगेनबुख यांनी १८८२ साली बर्लिनमध्ये पोट उघडून केलं. एरिक म्यूहे या जर्मन शल्यविशारदांनी ते त्यानंतर शंभराहून जास्त वर्षांनी, १९८५ साली, पहिल्यांदा दुर्बिणीतून केलं. पोट उघडून करायचा रस्ता हा असा मूळचा, पूर्ण सरावाचा रस्ता आहे. ‘कन्व्हर्ट करू’चा अर्थ एवढाच, की आत सगळं फार चिकटलेलं असेल किंवा नीट दिसत नसेल, तर सर्जन या जुन्या रस्त्यावर येतील. त्याला ऑपरेशन फसलं असं म्हणू नकोस. कुठे थांबायचं हे कळणारा सर्जन भेटणं हे आईचं भाग्यच. फक्त तसं झालं तर छेद मोठा असेल आणि रुग्णालयातला मुक्काम वाढेल, हे घरच्यांना आधी सांगून ठेव.

‘जीए’ म्हणजे जनरल अॅनेस्थेशिया, पूर्ण भूल. हा शब्द ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी १८४६ साली सुचवला. त्याच वर्षी १६ ऑक्टोबरला विल्यम मॉर्टन यांनी बॉस्टनमध्ये ईथरची भूल सर्वांसमोर देऊन दाखवली होती. ‘अन’ म्हणजे नाही आणि ‘ऐस्थेसिस’ म्हणजे संवेदना. जीएमध्ये आई पूर्ण झोपलेली असेल. मणक्यात देतात ती स्पायनल. तिने कमरेखालचा भाग बधिर होतो. फक्त तेवढ्याच जागेपुरती देतात ती लोकल. भुलेबद्दलचे प्रश्न सर्जनना नव्हे, भूलतज्ज्ञांना विचार. ते आधी भेटून बोलतात, त्या पाच मिनिटांचं मोल फार आहे. तिथे दोन शब्द जपून वापर. एक ‘अॅलर्जी’. एखाद्या गोळीने मळमळलं तर तो बहुधा दुष्परिणाम. गांध्या उठल्या, ओठ सुजले, श्वास कोंडला तर अॅलर्जी. नुसतं “अॅलर्जी आहे” म्हणू नकोस, काय झालं होतं ते सांग. दुसरं म्हणजे ‘रक्त पातळ करणारी गोळी’. तिने रक्त पाण्यासारखं होत नाही, रक्ताची गुठळी व्हायची क्षमता कमी होते. आई अशी काही गोळी घेत असेल तर ती कधी थांबवायची, की चालू ठेवायची, हे त्यांनीच ठरवायचं, आपण घरी नाही.

‘एनबीएम’ असं लिहिलेलं दिसलं तर ते ‘निल बाय माउथ’, तोंडावाटे काही नाही. पोट भरलेलं असताना भूल दिली तर पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. साधारणपणे जड अन्न सहा तास आधी आणि नुसतं पाणी दोन तास आधी बंद करतात, पण आईसाठी जी वेळ सांगतील तीच खरी. “उपाशी ठेवा” एवढ्यावर उठू नकोस. “खाणं किती वाजता बंद? पाणी किती वाजता? सकाळची गोळी घ्यायची का?” हे तीन वेगळे प्रश्न वेगळे विचार. चिठ्ठीवरच्या ‘ओडी’ म्हणजे दिवसातून एकदा, ‘बीडी’ दोनदा, ‘टीडीएस’ तीनदा, ‘एसओएस’ गरज पडली तरच. पण डोळ्यांच्या चिठ्ठीत ‘ओडी’ म्हणजे उजवा डोळा. तेव्हा पाठ करत बसण्यापेक्षा सिस्टरकडून गोळीसमोर “सकाळी एक, रात्री एक” असं लिहून घे.

लाजेचं काय करायचं, तेही विचारलं आहेस. मला डॉक्टरांसमोर सगळ्यात उपयोगी पडलेलं वाक्य असं, “मी घरी काय सांगणार आहे ते तुम्हाला म्हणून दाखवते, चुकलं तर थांबवा.” मग आपल्या भाषेत म्हणायचं. “पित्ताच्या पिशवीत खडे आहेत, बऱ्याच दिवसांचा दाह आहे, ती पिशवी दुर्बिणीतून काढणार, जमलं नाही तर पोट उघडून, आणि काढलेली पिशवी नेहमीप्रमाणे तपासायला जाणार.” ‘समजलं का?’ असं विचारलं की सगळेच हो म्हणतात. म्हणून दाखवलं की पाणी कुठे मुरतंय ते अर्ध्या मिनिटात दिसतं. घाईतला डॉक्टरसुद्धा यावर चिडत नाही, कारण त्याचाही वेळ वाचतो. वहीत त्यांचा शब्द आणि त्याशेजारी आपला शब्द असं लिहीत जा. संमतिपत्रावर सही करण्याआधी तर हे केल्याशिवाय पेन उघडूच नकोस. ते आईचं संमतिपत्र आहे आणि ती सही करू शकते, तेव्हा हे सगळं तिच्यासमोर होऊ दे. तिला बाहेर बसवून घेतलेले निर्णय माणसांना फार काळ बोचतात.

ऑपरेशननंतर एक गोष्ट होईल, तिला सहसा कोणी काही नाव देत नाही म्हणून ती सांगायची राहून जाते. पोटात राहिलेला थोडा वायू श्वासपटलाला टोचतो आणि दुखतो मात्र खांदा. ऑपरेशन पोटाचं आणि कळ खांद्यात, म्हणून बायका घाबरून जातात. दिवसा-दोन दिवसांत ती कमी होते. आईला आधीच सांगून ठेव. पण ताप, वाढत जाणारं पोटदुखणं किंवा डोळे पिवळे दिसणं यातलं काही झालं, तर वाट न पाहता रुग्णालयात कळव.

राहिली ती जुनी ‘पिशवी’. लेकी, तुझ्या पत्रातली सगळ्यात काळजीची ओळ मला ही वाटली. आपल्या बोलण्यात पित्ताची पिशवी, गर्भाची पिशवी आणि लघवीची पिशवी अशा तीन पिशव्या आहेत, आणि संकोचापायी मागे-पुढे काही न जोडता नुसतं ‘पिशवीचं ऑपरेशन’ म्हणायची सवय आहे. आईच्या वयाच्या बाईच्या बाबतीत ते बहुतेक गर्भाशयाचं असेल, पण बहुतेकवर हे काम होत नाही. पोटाचं आधी ऑपरेशन झालं असेल तर आतले पडदे आणि आतडी एकमेकांना चिकटलेली असू शकतात, आणि पहिला छेद कुठे द्यायचा हे सर्जन त्यावरून ठरवतात. आज संध्याकाळी कपाटातून तो जुना डिस्चार्ज कार्ड शोध. सापडला नाही तर आईला एकटीला गाठून विचार, तेव्हा पाळी थांबली होती का, टाक्याचा व्रण कुठे आहे. जे कळेल ते ऑपरेशनच्या दिवसाची वाट न बघता आधीच डॉक्टरांना कळव.

आणि आईकडून एक वाक्य बसवून घे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली ऑपरेशनसाठी सुरक्षेची एक यादी आणली. तिच्यात तीन थांबे आहेत, भूल देण्याआधी, छेद देण्याआधी आणि रुग्णाला थिएटरबाहेर नेण्याआधी. पहिल्या थांब्यावर रुग्णालाच विचारतात, तुमचं नाव काय, कशाचं ऑपरेशन आहे. एकदा नाही, तिथे पोचेपर्यंत तीन-चार जण विचारतील. ते विसरले म्हणून विचारत नाहीत. त्या वेळी आई नुसतं “पिशवीचं” म्हणाली, तर माझ्यासारखी सिस्टर पुन्हा विचारत बसेल. तिला सावकाश, पूर्ण म्हणू दे, “माझी पित्ताची पिशवी काढायची आहे.”

तुझी,
ताई